आमच्या काशीला समुद्र आहे

जालन्याच्या मस्तगडात कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल की काशीत रोज दुपारी बारा वाजता डोंगरावरून तोफ उडते. काशीत डोंगर नाही. तोफही उडत नाही. ही माहिती जालन्यात माझ्यामुळे पसरली, आणि ती मागे घ्यायचे माझे सगळे प्रयत्न फसले आहेत. तेव्हा निदान ती पसरली कशी, एवढं तरी सांगून मोकळं व्हावं म्हणून लिहायला बसलो आहे.

मी एका जहागीरदारांच्या कचेरीत मुन्शी आहे. (त्यांचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकरणात त्यांचा काही दोष नाही. दोष शोधायचाच तर माझ्यात पुष्कळ सापडतो. मी स्वतः रोज शोधतो.) बऱ्याच वर्षांपूर्वी जहागीरदारांचे गुडघे धरले. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिवाळाभर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस नावाचं गाव आहे तिथं जाऊन उन्हात बसा. आपल्याकडे ऊन कमी पडतं का, असं विचारायची माझी छाती झाली नाही. सोबतीला उर्दू लिहिणारा, इंग्रजी वाचणारा आणि कशालाच नाही म्हणता न येणारा माणूस हवा होता. कचेरीत असा माणूस एकच होता.

समुद्र ओलांडून जातो आहे हे आईला सांगायचं धैर्य मला झालं नाही. "साहेबांसंगं लांब जायचंय," एवढंच सांगितलं. खरं ठाऊक होतं ते फक्त आमच्या मंडळींना. हिचं माहेर धावडा. हिने आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यात फुगलेली नदी. मी विचारलं, काय आणू? ही म्हणाली, "साडी नको, दागिना नको. समुद्र कसा असतो, तेवढा दाखवा."

आता समुद्र ट्रंकेत घालून कसा आणणार? तरी परत निघायच्या दिवशी मी नीसच्या किनाऱ्यावर गोट्यांत उकिडवा बसलो (तिथं वाळू नाही, नुसते गोल गोटे) आणि एक हिरवी बाटली भरून घेतली. एक गोरा पोलीस बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मी त्याला नमस्कार केला. मी सगळ्यांनाच नमस्कार करतो. बाटलीला बूच मारलं, वर लाख लावली आणि धोतरात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

जहागीरदार मुंबईलाच थांबले. मी एकटा मनमाडला गाडी बदलून जालन्याला आलो. गाडी स्टेशनात शिरली तर फलाटावर हलगी वाजत होती. मस्तगडातली निम्मी माणसं हार घेऊन उभी. मला वाटलं, याच गाडीने कुणी मोठे अंमलदार आले असावेत, म्हणून मी अदबीने बाजूला झालो. तर गर्दीही बाजूला झाली, माझ्याच दिशेने! गळ्यात हार पडला. शेजारच्या धुरपतकाकू वाकल्या. त्यांना माझे पाय दिसेनात, कारण जहागीरदारांनी मला फ्रेंच बूट घेऊन दिले होते. मग त्यांनी बुटांनाच हात लावून तो कपाळी नेला.

"काकू, काय करून राह्यल्या तुमी?"

"बोलू नको रे लेकरा. पुण्यवान हाईस तू," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

मी मनात म्हटलं, साहेबांच्या गुडघ्यांची सेवा लोकांना इतकी आवडली असेल असं वाटलं नव्हतं.

उलगडा दारात झाला. आमच्याकडे यात्रेहून आलेल्या माणसाचे पाय धुऊनच त्याला घरात घेतात. माझी धाकटी बहीण गोदा तांब्या-परात घेऊन बसली. खाली मान घालून पाय चोळता चोळता ती कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "दादा, तोंड हसरं ठेव आन ऐक. तू काशीला गेल्ता."

"अगं, मी तर नीसला..."

"काशीला गेल्ता," असं म्हणून तिने माझा अंगठा पिरगाळला.

मग तिने पुढचं सांगितलं. मी नसताना घनसावंगीचे रंगनाथराव तिला मुलासाठी बघायला आले होते. बडं घर, शेतीभाती, पण माणूस कमालीचा सोवळा. समुद्र ओलांडलेल्याच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारा. त्यांनी विचारलं, थोरले कुठं आहेत? आतून हिच्या तोंडून निघून गेलं, "काशीला!" रंगनाथराव स्वतः काशीला जाऊन आलेले. ते इतके खूश झाले की म्हणाले, मुन्शीजी आले की त्यांच्या मावंद्यालाच सुपारी फोडू. आईनेही तेच ऐकलं आणि तेच धरून बसली. मावंदं उद्यावर ठेवलं होतं.

"मंग आता मी काय करू?" मी विचारलं.

गोदाने माझा दुसरा पाय परातीत घेतला. "काई करू नको. फक्त काशीला जाऊन ये." आणि मग आणखी हळू, "दादा, मला ते घर पसंत हाय."

'घर' म्हणताना तिचे कान लाल झाले. घराचे कुणी कान लाल करून घेत नाही. हे घर म्हणजे रंगनाथरावांचा मुलगा, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

मी तिथंच एक निश्चय केला. खोटं म्हणून बोलायचं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. फक्त गावाचं नाव घ्यायचं नाही. असं केलं तर बहिणीचं लग्नही होईल आणि माझ्या माथी पापही येणार नाही, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. मावंद्यात काय असतं? काशीहून आणलेल्या गंगेची पूजा करायची, जमलेल्यांच्या हातावर तिचं तीर्थ द्यायचं आणि मग पंगती. म्हणजे गंगा पाहिजे! मी तोंड धुऊन येतो तोवर आईने माझी ट्रंक उपसून काढली होती. तिच्या हातात ती हिरवी बाटली.

"आरं, गंगा धोतरात गुंडाळून आणली व्हय?"

"आई, ते पाणी तसं न्हाई..."

"तिथलंच हाय ना?"

"तिथलंच."

"तू सोताच्या हातानं भरलं?"

"भरलं."

"मंग?" तिने बाटली कपाळाला लावली आणि देवघरात नेऊन ठेवली. मी यात एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. माझ्या खरेपणाचे असे हाल त्याआधी कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचारी आले, चुली पेटल्या, आई पुरणाकडे बघायला गेली. ही संधी होती. विहिरीच्या पाण्याने भरलेला तांब्या घेऊन मी देवघरात शिरलो. बाटली रिकामी करायची, तांब्यातलं पाणी भरायचं, संपलं! विहिरीचं पाणी गोड आहे; कुणाला काही कळलं नसतं. मी लाख खरवडून बूच काढतो तोच मागे ही उभी.

"काय करायले?"

"हे मोरीत ओततो. खारट हाय. तोंडाला लावलं की भोपळा फुटंल."

"माझा समुद्र मोरीत ओतणार?"

हिचे डोळे भरले. मी म्हटलं, अगं गोदाच्या लग्नाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, ते मला कळतं, पण अजून मी हातसुद्धा लावला नाही त्याला. एका हातात तांब्या, एका हातात बाटली असा मी बहिणीच्या आणि बायकोच्या मध्ये उभा राहिलो. आणि मला काही ठरवायचं असलं की जे नेहमी होतं, तेच झालं. माझ्याआधी दुसऱ्याने ठरवलं. आई दारात आली आणि ओरडली, "बिनअंघोळीचा गंगेला शिवला!" तिने बाटली हिसकावली, तांब्याचा गडू घासून त्यात ओतली, वर नारळ ठेवला आणि पूजा होईपर्यंत समोर पाट टाकून बसली. मधे उठली ती एकदाच, क्षणभर.

उन्हं चढता चढता रंगनाथराव बैलगाडीतून उतरले. पांढऱ्या मिशांचे आकडे, गळ्यात रुद्राक्ष, पायांत खडावा. ओसरीवर गादी घातली होती. त्यांनी मला शेजारी बसवलं, भोवती सगळे जमले, धुरपतकाकू सगळ्यांत पुढे.

"हं, मुन्शीजी," रंगनाथराव म्हणाले, "सांगा. कसं वाटलं गाव?"

मी घसा साफ केला. "गाव पाण्याच्या काठानं कमानीसारखं वसलंय."

"बराबर."

हे बरोबर असेल असं मलाच वाटलं नव्हतं. मला धीर आला. मी सांगितलं, की काठाकाठाने लांबच लांब फरशीचा रस्ता आहे, आणि सकाळ-संध्याकाळ मोठमोठे लोक तिथं नुसते इकडून तिकडे फिरत असतात. काम काहीच करत नाहीत.

"मोक्षाला आलेले," धुरपतकाकू म्हणाल्या.

"काहीजण अंगाला तेल चोळून पाण्याकाठी उन्हात पडून राहतात."

"बाया बी?" काकूंनी विचारलं.

"बाया बी."

"अंगावर काही?"

मी खरं बोलायचं ठरवलं होतं. "थोडं."

ओसरीवरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. मग आतून आईचा भरलेला आवाज आला, "तापसी असतील बिचाऱ्या." बऱ्याच जणांनी हात जोडले. मीही जोडले.

मग जुन्या वस्तीतल्या गल्ल्या सांगितल्या. इतक्या अरुंद की एका खिडकीतून समोरच्या खिडकीत भाजी देता येते, आणि डोक्यावर दोऱ्यांना धुणं वाळत असतं. रंगनाथराव म्हणाले, मी त्याच गल्लीनं गेल्तो. मग खाण्याचं निघालं. तिथं हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं करतात, हे एवढं थोरलं, तांब्याच्या परातीत ओतून भट्टीत घालतात आणि वर मिरी भुरभुरून तुकडे करून देतात, असं मी सांगितलं. (हे मी परदेशात रोज खाल्लं आणि रोज घरच्या आठवणीने डोळे पुसले.) हरभऱ्याचं पीठ म्हटल्यावर ज्यांचा थोडा संशय होता तोही गेला.

मला बोलण्याची चटक लागली. मी फुलांची जत्रा सांगितली. फुलांनी मढवलेले रथ निघतात, रथातल्या पोरी लोकांवर फुलं फेकतात आणि लोक पुन्हा त्यांच्यावर फेकतात. डोंगरावरचा हजारो वर्षांचा दगडी गोल सांगितला. भोवती पायऱ्याच पायऱ्या, पूर्वीचे राजे तिथं बसून झुंजी बघायचे.

"भीमाचा आखाडा त्यो," रंगनाथराव म्हणाले.

तो रोमन लोकांचा होता, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. पण रंगनाथराव मिशीवरून हात फिरवत होते. मी चाचपून पाहावं म्हणून म्हटलं, "आन रोज दुपारी बाराला डोंगरावरून तोफ उडते. लोकांना जेवायची आठवण म्हणून."

"निवदाची तोफ," रंगनाथराव म्हणाले. "कानठळ्या बसतात."

मला क्षणभर वाटलं, काशीतही तोफ असेल. मी कुठं पाहिली होती काशी?

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला कल्पनाच नव्हती. "काशीत काय सोडलं, मुन्शीजी?" काशीला गेलेला माणूस आपल्या आवडीचं एखादं फळ किंवा भाजी तिथं सोडून येतो आणि ती जन्मात पुन्हा तोंडात घालत नाही, हा रिवाज मी साफ विसरलो होतो. "मी कारलं सोडलं," रंगनाथराव उसासा टाकून म्हणाले. "लई आवडायचं." सगळे माझ्याकडे बघत होते. समोर आमरसासाठी आणलेली आंब्यांची पाटी होती, तिचा वास नाकात भरला होता, डोकं चालत नव्हतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आंबा."

साऱ्या प्रकरणात मी हे एकच धडधडीत खोटं बोललो. त्याची सजा अजून भोगतो आहे.

"आंबा!" धुरपतकाकूंनी पुन्हा माझ्या पायांना हात लावला. रंगनाथरावांनी मला जवळ ओढलं. आई बाहेर आली, तिने डोळे पुसले आणि माझ्या हाताशी असलेली पाटी उचलून लांब ठेवली.

पूजा झाली. आई गडू आणि पळी घेऊन तीर्थ द्यायला उठली. दाराआड गोदाच्या बांगड्या थांबल्याचं मला ऐकू आलं. पहिला हात धुरपतकाकूंचा. त्यांनी तीर्थ तोंडात घेतलं, डोळे मिटले, मग एक डोळा उघडला.

"गंगा खारट कशी गं?"

मी जमिनीकडे बघू लागलो. आईचा चेहरा उतरला. तिने स्वतः पळीभर चाखलं, आणि मग तिने, काकूंनी, आचाऱ्यांनी, हलगीवाल्यांनी, सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. माझ्याखेरीज काशीचं पाणी प्यालेले तिथं रंगनाथराव एकटेच होते. रंगनाथरावांनी हात पुढे केला. आईने पळी उलटी केली. त्यांनी तीर्थ घेतलं, जिभेवर घोळवलं, गिळलं. दाराची कडी जराशी वाजली. मी मनातल्या मनात गोदाची माफी मागून घेतली.

"काशीचं पाणी असंच लागतं," रंगनाथराव म्हणाले. "साऱ्या मुलखाची पापं धुतात तिथं. चवीत थोडं उतरायचंच." आणि त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

त्यानंतर काय विचारता! लोकांनी दोन-दोनदा तीर्थ घेतलं. ज्याला जास्त खारट लागलं त्याला जास्त पुण्य, असा काकूंनी निकाल दिला. गडू तळाला गेला तेव्हा शेवटी आमच्या मंडळींचा हात पुढे आला. हिने ते चार थेंब लगेच प्यायले नाहीत. तळव्यावर हलवून बघितले, एक बोट बुडवलं, मग जिभेला लावलं आणि लांबून माझ्याकडे बघून हसली. तेवढ्यासाठी मी आणखी एकदा काशीला गेलो असतो.

पंगतीआधी हात धुवायला रंगनाथराव आणि मी विहिरीवर गेलो. मी पाणी घालत होतो. ते हळूच म्हणाले, "मुन्शीजी, कोणता समुद्र?"

माझ्या हातातला तांब्या पडला.

"मी मुंबईला गेल्तो एक डाव," ते म्हणाले. "चव वळखतो."

आता सगळं गेलं, असं म्हणून मी खरं सांगून टाकलं. नीस, जहागीरदार, गुडघे, बोट, सगळं. आणि शेवटी, का कोण जाणे, मला धीटपणा आला. मी म्हटलं, "पण मामा, काशीचं पाणी खारट नसतं, हे तुमाला बी ठाऊक असंल की."

रंगनाथरावांनी मागे-पुढे बघितलं. "मी मनमाडपर्यंत गेल्तो."

"मनमाड?"

"टेशनावर भजी खाल्ली. पोट असं बिघडलं की पुढची गाडी धरवली न्हाई. धर्मशाळेत पडून राह्यलो आन बरं वाटल्यावर आलो माघारी. उतरलो तर हलगी वाजून राह्यली. मंग काय सांगू?"

"आन गंगा?"

"टेशनावरच्या नळाची. तुमची निदान लांबची तरी हाय." त्यांनी उपरण्याला हात पुसले. "ती तोफ खरी का हो?"

"खरी."

"मंग मी बी सांगू?"

सुपारी फुटली. पंगतीत सगळ्यांना वाट्यांनी आमरस वाढला. माझ्या ताटासमोरून वाढपी हात जोडून पुढे गेला. शेजारी रंगनाथराव, ज्यांनी मनमाडच्या स्टेशनावर कारलं सोडलं होतं, ते तिसरी वाटी ओरपत होते.

गोदाचा संसार उत्तम चालला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण मला चैन पडेना. इतक्या लोकांचे नमस्कार फुकटचे घेतलेले! बारा वाजले की मला कानात तोफ ऐकू यायची. शेवटी गेल्या वर्षी कचेरीच्या कामाने प्रयागला जायचा योग आला, तसा मी पुढे खऱ्या काशीला गेलो. खऱ्या गंगेत बुडी मारली, खऱ्या गंगेची खरी माफी मागितली. फळ-भाजी सोडायची वेळ आली तेव्हा यावेळी मी नीट विचार केला आणि कारलं सोडलं. गडूत गंगा भरली, त्याचं तोंड झाळून बंद करून घेतलं आणि हलक्या मनाने घरी आलो.

पुन्हा मावंदं. पुन्हा ओसरी. रंगनाथराव आता थकले आहेत, पण अगत्याने आले. मी या वेळी छातीठोकपणे सांगत होतो. घाट, पायऱ्या, होड्या, गढूळ पण गोड पाणी.

"तोफ ऐकली का?" धुरपतकाकूंनी विचारलं.

"काकू, काशीत तोफ नसते."

"आन भीमाचा आखाडा?"

"तो बी न्हाई."

"फुलांचे रथ? त्या तापसी?"

मी मान हलवली. आईने तीर्थ दिलं. काकूंनी चाखलं, वाट पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "हे तर साधं पाणी हाय बाई."

सगळ्यांनी रंगनाथरावांकडे पाहिलं. त्यांनी तीर्थ घेतलं, जिभेवर घोळवलं, आणि माझ्याकडे अतिशय दयेने पाहत म्हणाले, "माणसाचं वय होतं. मनमाडवरूनच परत आले असतील."

मी हिच्याकडे पाहिलं. आता हीच काय ती माझी साक्षीदार. ही पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला काय ठाऊक? मी तर घरीच होते."

त्या दिवसापासून आमच्या घरी निकाल लागला आहे. पहिली काशी खरी, म्हणून आंबा बंद. दुसरी काशी झालीच नाही, म्हणून कारलं चालू. आज दुपारी आमरस होता. माझ्या ताटात भरलेली कारली होती. दोन.